बाबा, पुण्याचा प्रयोग कसा झाला ते सांगायचे राहून गेले

पुणे,
24 मार्च

तीर्थरूप आई आणि बाबा यांच्या चरणी धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र हातात पडल्यावर काळजी करत बसू नका. इकडे सगळे खुशाल आहेत, पिल्लूची परीक्षा सुरू आहे आणि ह्यांचा खोकला पूर्ण गेला आहे. गेल्या आठवड्यात बाबांनी फोनवर ‘पुण्याचा प्रयोग कसा झाला?’ असे विचारले आणि मी ‘बरा झाला’ एवढेच म्हणून विषय बदलला. आपल्या घरात ‘संगीत सौभद्र’ पाहून आल्यावर ‘बरा झाला’ एवढ्यावर कोणी थांबल्याचे मला आठवत नाही, त्यामुळे बाबांना ते खटकले असणार. पण मी पुढे काही बोलण्याच्या आत ‘घे, आईशी बोल’ म्हणून फोन आईच्या हातात गेला. गेली दोन वर्षे तो असाच जातो. म्हणून हे पत्र. ते बाबांना मध्ये कोणी नसताना वाचता येईल, हवे तर दोनदा वाचता येईल, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर लाल खुणा करून मला परतही पाठवता येईल.

आधी कबुली देते. पुण्याच्या प्रयोगाला मी केवळ नाटकाच्या ओढीने गेले नव्हते. सोलापूरचा प्रयोग संपल्यावर आपण पार्क चौपाटीवर थांबलो होतो, तेव्हा बाबा म्हणाले होते की हल्लीच्या नटांना शब्द टाकता येत नाहीत, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. आई लगेच म्हणाली की पंख्यांचाच आवाज फार होता. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि मला नाटकातला शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्या वेळी मी काही बोलले नाही. तीन आठवड्यांनी तीच मंडळी बालगंधर्व रंगमंदिरात येत असल्याचे वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा तोच कृष्ण, तीच सुभद्रा आणि तोच ऑर्गनवादक आपल्या कानांनी पुन्हा एकदा तपासून पाहावा, असे वाटले. बाबांचे म्हणणे खरे निघावे अशी माझी फार इच्छा होती.

सोलापूरच्या त्या संध्याकाळचे मला सगळे आठवते. प्रयोग साडेसहाचा असताना बाबा चार वाजल्यापासूनच इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसले होते आणि आईने गजऱ्यातली चार फुले काढून माझ्या केसांत खोचली होती. हुतात्मा स्मृती मंदिरात आपल्याला सातव्या रांगेतल्या खुर्च्या मिळाल्या होत्या. नांदी सुरू झाली तसे बाबा ताठ बसले आणि त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी खुर्चीच्या हातावर पडू लागली. ते बोट मी लहानपणापासून पाहत आले आहे. जेवणाच्या ताटाच्या कडेवर, सायकलच्या दांड्यावर, मी तापाने फणफणले होते त्या रात्री माझ्या कपाळावर, सगळीकडे ते बोट ठेका धरत असे, आणि त्याचा ठेका चुकल्याचे मी कधी पाहिले नव्हते. रुक्मिणीची समजूत घालताना श्रीकृष्णाने सरत्या रात्रीचे पद घेतले, तेव्हाही ते तबल्याबरोबर अचूक पडत होते. बाबांनी माझ्याकडे वळून ‘छोटा गंधर्व ही जागा निराळी घ्यायचे’ असे सांगितले. त्यांच्या मानाने जरा मोठ्याने सांगितले, पण असो.

आपल्या गावाच्या प्रेक्षकांची मजा मला पुण्यात राहून जास्त कळू लागली आहे. मागच्या रांगेतल्या आजी आपल्या सुनेला कानडीतून सांगत होत्या की ही चाल आमच्याकडची आहे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे कर्नाटकातल्या गुर्लहोसूरचे, त्यांनी साकी-दिंडीसारख्या मराठी चालींच्या जोडीने कानडी चालीही उचलल्या हे बाबांनीच मला शाळेत असताना सांगितले होते. पुढच्या रांगेत तेलुगू बोलणारे एक कुटुंब होते, त्यातले गृहस्थ प्रत्येक पदाला मान हलवत होते. तीन पदांना ‘वन्स मोअर’ मिळाला, तिन्ही वेळा कलाकारांनी तो मनापासून दिला आणि नाटक वीस मिनिटे उशिरा संपले तरी कोणी उठले नाही. वक्रतुंडाने मध्येच सोलापुरी चादरीवरून कोटी केली तेव्हा सगळे सभागृह हसले. बाबाही हसले, पण सगळे हसून झाल्यावर, आईच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून.

त्यानंतर मी रंगमंचाकडे कमी आणि तुम्हां दोघांकडे जास्त पाहिले, त्याबद्दल मला क्षमा करा. बलराम गरजत होता तेव्हा बाबा अगदी नाटकात होते. सुभद्रा आणि कुसुमावती बोलू लागल्या की ते किंचित पुढे झुकत, आणि आई, तू माझ्यावरून वाकून त्यांच्या कानाशी वाक्य पुटपुटत होतीस. मध्यंतरानंतर तू म्हणालीस, ‘तू कडेला बस, मला ह्यांच्या शेजारी बरे पडते.’ तेव्हा मला वाटले की तुला पाय लांब करायचे असतील.

मग सुभद्रेचे ‘वद जाऊ कुणाला शरण’ आले. मुलगी फार चांगली गायली. शेवटची ओळ तिने तबला थांबवून, नुसत्या ऑर्गनच्या सुरावर, अगदी सावकाश आणि हळू घेतली. तबला थांबला तसे बाबांचे बोट हवेत थांबले. पद संपले असे समजून बाबांनी टाळी वाजवली. ती एकटीच वाजली. बाबांनी हात तसेच एकमेकांवर चोळले, जणू थंडी वाजत होती, आणि आईने न बघता आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. बाबा, कोणाच्याही विशेष लक्षात आले नाही हे मी शपथेवर सांगते. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले खरे, पण तुमचे पाहून त्यांनीही टाळी वाजवली, त्यामुळे ती दाद वेळेआधीच आली एवढेच झाले.

आता पुण्याचे सांगते. बालगंधर्वचा दिवाणखाना तुम्ही पाहिलेला आहे. गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रे, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले, अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात. प्रेक्षक पुण्याचे, म्हणजे पहिल्या दहा रांगांत बहुतेक पांढरी डोकी, आणि निम्म्यांना पदे गायकाच्या आधी येत होती. माझ्या मागच्या बाई तर सुभद्रेच्या अर्धी मात्रा पुढे गुणगुणत होत्या. येथे ‘वन्स मोअर’ आला तो एकदाच. कलाकाराने हात जोडून नम्रपणे नकार दिला, कारण रात्रीच्या प्रयोगाची मंडळी सामान घेऊन दाराशी उभी असतात. वक्रतुंडाने चादरीच्या जागी वाहन लावायला जागा न मिळण्याची कोटी केली आणि तिला चादरीपेक्षा मोठा हशा मिळाला, हे मला आवडले नाही. कृष्णाचा आवाज त्या दिवशी जरा बसलेला होता, त्यामुळे सरत्या रात्रीचे पद सोलापूरलाच अधिक चांगले झाले, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते बाबांना आवडावे म्हणून मी लिहीत नाही. तबलजींनी कृष्णाच्या पट्टीचा तबला बाजूला सारून सुभद्रेच्या पट्टीचा पुढे घेतला आणि हातोडीने दोन ठोके देऊन तो पुन्हा सुरात आणला, हे मात्र येथे जवळून दिसले, कारण मी दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते.

शब्द दोन्ही ठिकाणी सारखेच स्पष्ट होते. मला तसे नको होते, पण तसेच होते. सुभद्रेने पुण्यातही शेवटच्या ओळीला तबला थांबवला. सभागृह शांत झाले आणि मी त्या एका टाळीची वाट पाहत राहिले. ती आली नाही. त्यानंतरचे नाटक मी नीट पाहिलेले नाही, म्हणून फोनवर मला ‘बरा झाला’ यापलीकडे काही सांगता आले नाही.

माझ्या शेजारी बाबांच्याच वयाचे एक काका होते. त्यांच्या दोन्ही कानांमागे करड्या रंगाचे, शेंगदाण्यापेक्षा थोडे मोठे यंत्र होते आणि मांडीवर त्यांचे बोट ठेका धरून होते. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मी धीर करून त्यांना विचारले. काका चांगलेच तुसडे निघाले. ‘पहिले दोन महिने ऑर्गन पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता, मी यंत्र खिडकीबाहेर फेकणार होतो,’ असे ते म्हणाले. मग वडा संपवून म्हणाले की आता नातवंड काय म्हणते ते कळते, आणि गाण्यासाठी यंत्रात वेगळी सोय असते, ती लावून घेतली की निदान सूर सूर वाटतो. त्यांनी यंत्राचे गोडवे गायले असते तर मी विश्वास ठेवला नसता. त्यांच्या तक्रारींमुळे माझा विश्वास बसला.

दादा आणि मी मिळून जे ठरवले आहे ते आता सांगते. रागावण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचा. 9 एप्रिलला पुण्यात कानाच्या डॉक्टरांची आणि त्यानंतर श्रवणतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. 8 तारखेच्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसची दोन तिकिटे एसी चेअरकारमध्ये काढलेली आहेत आणि परतीचे तिकीट मुद्दाम काढलेले नाही, कारण तुम्ही निदान तीन आठवडे येथे राहणार आहात. हे सर्व तुम्हांला न विचारता झाले. बलरामदादाला अंधारात ठेवून श्रीकृष्णाने सुभद्रेचे लग्न जुळवले, त्याच धर्तीचे हे कारस्थान आहे आणि त्यातला कृष्ण दादा आहे, मी केवळ निरोप्या. श्रीकृष्णाचे ते वागणे बरोबर होते की नाही यावर बाबांनी आजवर निदान दहा वेळा त्याचीच बाजू घेतलेली आहे, हेही मी लक्षात आणून देते.

बाबांना ऐकू येत नाही असे मी मुळीच म्हणत नाही. डग्गा ऐकू येतो, बलराम ऐकू येतो, रस्त्यावरची रिक्षा तर आमच्या आधी ऐकू येते. मी येथे एका डॉक्टर मैत्रिणीला सगळे सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो ‘काका कुठे नोकरीला होते?’ हा. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात एकतीस वर्षे, असे मी सांगितल्यावर ती मान हलवू लागली. तिने समजावले ते असे की 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ आठ तास वर्षानुवर्षे काढली की कानाच्या आतल्या शंखातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी झिजत जातात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. झीज आधी उंच स्वरांत होते, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास, आणि वयाने होणारी झीजही उंच स्वरांपासूनच सुरू होते. स, श, थ, फ अशी हवेची अक्षरे तेथेच राहतात, त्यामुळे आवाज येतो पण शब्द उमटत नाही आणि समोरचा माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो आहे असे वाटते. बायकांचे आणि मुलांचे आवाज उंच, म्हणून ते आधी हरवतात. सुभद्रा हरवली आणि बलराम राहिला तो यामुळे, आणि फोनवर पिल्लू बोलू लागले की तुम्ही नुसते ‘हो हो, शहाणे बाळ’ म्हणता तेही यामुळे. तो तुमच्या प्रेमाचा दोष नाही हे मला माहीत होतेच, पिल्लूलाही आता सांगितले आहे. कदाचित कानात नुसता मळ साठलेला असेल, तसेही असू शकते, मग दहा मिनिटांत काम होईल आणि उरलेले वीस दिवस आपण पत्ते खेळू. दादाने या विषयावर आणखी बरेच काही वाचून मला रात्री अकरा वाजता घाबरवले होते, ते मी येथे लिहीत नाही.

सोलापुरात चांगले डॉक्टर नाहीत म्हणून पुणे निवडले, असे कृपा करून समजू नका. यंत्र एकदा बसवून काम संपत नाही. पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीन वेळा जाऊन ते त्या माणसाच्या कानाप्रमाणे जुळवून घ्यावे लागते, भांड्यांचा आवाज बोचतो का, स्वतःचाच आवाज घुमतो का हे सांगावे लागते, आणि त्या वेळी मला शेजारी बसायचे आहे. ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून बाबा पाचव्या मिनिटाला उठून येतील हे मला ठाऊक आहे, कारण चष्म्याच्या वेळी तेच झाले होते. पैशांचा विषय काढू नका. दादाने निम्मे आणि मी निम्मे असे ठरले आहे, माझे निम्मे दिवाळीच्या बोनसमधून बाजूला पडलेले आहेत आणि त्यासाठी मुदत ठेव मोडलेली नाही. पेटीच्या वेळी तुम्ही काय केले होते ते मी विसरलेले नाही, तुम्ही दोघे विसरलात असे म्हणत असलात तरी.

येथे राहण्याची सगळी तयारी झालेली आहे. तुमची खोली तळमजल्याची, पूर्वेकडच्या खिडकीची आहे, न्हाणीघरात आईसाठी धरायची दांडी बसवून घेतली आहे आणि जमीन घसरू नये म्हणून जाडी पायपोसे टाकली आहेत. पलंगावर आपली तीच निळी चादर घातली आहे, जी धुऊन धुऊन आता मऊ झाली आहे. सकाळचा चहा साडेपाचला मिळेल, त्यासाठी मी स्वतः उठेन. वर्तमानपत्र सोलापूरच्या आवृत्तीचे मिळणार नाही, त्याचा मात्र इलाज नाही. एप्रिल उजाडल्यावर तिकडची दुपार कशी तापते ते मी वेगळे सांगायला नको, निदान ते तीन आठवडे आईच्या डोक्याचे दुखणे तरी टळेल.

बाबा, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांच्या कलकलाटात मी हरवले होते ती संध्याकाळ तुम्ही कोणाला सांगत नाही, पण मला ती रोज आठवते आहे. एवढ्या भोंग्यांमधून आणि पिपाण्यांमधून तुम्ही माझी एक हाक ओळखलीत. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि माझा आवाज किती उंच असेल. घरी येताना तुम्ही मला खांद्यावर घेतले होते आणि बोट माझ्या पावलावर ठेका धरत होते.

आता काही सूचना आहेत, त्या पाळल्याच पाहिजेत. कानात लसणाचे कोमट तेल घालणे आजपासून बंद. काडेपेटीची काडी, आईची केसांची पिन आणि स्कूटरची किल्ली यांपैकी काहीही कानात जाता कामा नये, 9 तारखेपर्यंत तर नाहीच. रक्तदाबाच्या गोळ्या, मागचे रिपोर्ट आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी निळ्या पिशवीत वेगळी ठेवा, कपड्यांच्या बॅगेत तळाला नको. पाण्याच्या पाळीच्या दिवशी टाकी भरण्याचे समोरच्या काकूंना मी सांगितले आहे, किल्ली त्यांच्याकडे द्या आणि त्यांना पुन्हा पुन्हा फोन करून विचारू नका. स्टेशनवर सहाला पोचा, पाचला नको. रिक्षा ठरवलेली आहे, तिचे पैसे द्यायचे नाहीत. शेंगांची चटणी एक किलोपेक्षा जास्त आणायची नाही, कडक भाकरी मात्र हव्या तेवढ्या आणा, त्या येथे मिळतात पण तशा नसतात.

आई, तुझ्यासाठी चार ओळी वेगळ्या लिहिते, बाबांनी त्या वाचल्या तरी चालेल. तू हे किती दिवस सांभाळते आहेस ते मी विचारणार नाही. बँकेतल्या माणसाचे बोलणे, डॉक्टरांचे बोलणे, लग्नकार्यातल्या गप्पा, सगळे तू आधी स्वतः ऐकून मग त्यांच्यापर्यंत पोचवत आलीस आणि कोणाला कळू दिले नाहीस. नाटकात तू स्वतः एकही पद सलग ऐकले नसशील, हे मला पुण्यात एकटी बसल्यावर कळले. गुडघ्याचे तेल बरोबर आण आणि रेल्वेत खिडकीजवळ तू बस.

यंत्र मिळाल्यावर लगेच सगळे सुरळीत होईल अशी आशा धरू नका, काकांच्या पत्र्याच्या डब्याची आठवण ठेवा. अण्णासाहेबांनीसुद्धा 1882 मध्ये पुण्यात सौभद्राचे आधी तीनच अंक केले होते आणि पाचही अंक पुढच्या वर्षी. आपल्यालाही घाई नाही. त्याच मंडळींचा मे महिन्यात येथे पुन्हा प्रयोग आहे आणि तीन तिकिटे काढण्यासाठी माझे हात फार शिवशिवत होते, पण मी ती काढलेली नाहीत. नव्या यंत्राने पहिल्यांदा ऐकलेले सौभद्र बेसूर वाटले तर बाबा यंत्र ठेवणार नाहीत आणि सौभद्रही सोडतील. आधी पिल्लूचे बोलणे, मग बातम्या, मग रेडिओवरचे गाणे अशा क्रमाने जाऊ. बाबांनी स्वतः विचारले तरच तिकिटे काढीन.

पत्र पोचल्याचा फोन आईने केला तरी चालेल. पण त्यानंतर बाबांनीही दोन मिनिटे बोलावे. मी खालच्या पट्टीत आणि सावकाश बोलेन, गेले दोन दिवस सराव करते आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. स्टेशनवर हमाल करा. मागच्या वेळी ‘बॅग हलकीच आहे’ म्हणून जिने चढलात ते मला दादाने नंतर सांगितले.